वर्ग : निरोगी

नकार देणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझ्या बहिणीचं होतं, आणि ती यादी रुग्णालयाच्या फळ्यावर मीच चिकटवली. सरकारी काम आहे, करावं लागतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला थोडं बरंच वाटलं होतं. चार लोक वाचतील, चार लोक बोलतील, मग तरी हिचं डोकं ठिकाणावर येईल. आज ते आठवलं की माझाच मला राग येतो. या गोष्टीत मला बऱ्याच जणांचा राग आहे, त्यातून मी स्वतःला वगळणार नाही.

मी उत्पला खोब्रागडे. चंद्रपूरकडच्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ. बहीण सुमेधा माझ्याहून आठ वर्षांनी लहान. बसस्टँडसमोर तिचं सेवा केंद्र आहे, लोकांचे दाखले, अर्ज, पेन्शनचे फॉर्म भरून देण्याचं. आईबाबा दोघंही पिवळ्या कार्डाचे, म्हणजे सिकलसेलचे वाहक. त्यांना ते लग्नानंतर कळलं. माझ्या वाट्याला पिवळं कार्ड आलं आणि सुमेधाच्या वाट्याला लाल. लाल म्हणजे रोगी. आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघीच.

दमकोंडीची साथ दुसऱ्यांदा आली त्या वर्षीची ही गोष्ट. दमकोंडी हे लोकांनी ठेवलेलं नाव. फुप्फुसाचा जंतू होता आणि आपल्याकडच्या बहुतेक औषधांना तो दाद देत नव्हता. धडधाकट माणूस पंधरा दिवस खोकून उठायचा. पण लाल कार्डवाल्यांची प्लीहा, म्हणजे पांथरी, लहानपणीच आटून गेलेली असते, आणि असले जंतू रक्तातून गाळून मारण्याचं काम तिचंच. पहिल्या साथीत आमच्या तालुक्यात लाल कार्डाची नऊ माणसं गेली. सगळी चार-पाच दिवसांत.

लस आली. आणि लसीबरोबर आलं दर्पण.

दर्पणाबद्दल थोडं सांगायला हवं. टेबलावर मावेल एवढंच यंत्र. चमचाभर रक्त घ्यायचं. त्यातल्या पेशींपासून तीस तासांत काचेच्या एका पट्टीवर रक्तवाहिन्यांचं अस्तर वाढवायचं. पट्टीत केसाहून बारीक असे चोवीस मार्ग असतात. त्यांतून त्याच माणसाचं रक्त खेळवायचं आणि वर लसीचा एक थेंब सोडायचा. माणसाच्या अंगात पुढच्या तीन दिवसांत जे होणार, ते काचेवर तीन तासांत होतं. पांढऱ्या पेशी किती चवताळतात, अस्तर किती सुजतं, सगळं यंत्र मोजतं आणि शेवटी एक दिवा लावतं. हिरवा, पिवळा किंवा लाल.

या एका दिव्यानं लोकांची भांडणं मिटवली. लस घेऊ की नको, अमक्याला काय झालं, तमक्याच्या मेव्हण्यानं काय पाठवलं, सगळं बंद. मधुमेहवाले, दमेकरी, किडनीवाले यांच्याच मनात सर्वांत जास्त धाकधूक, म्हणून तेच सर्वांत आधी रांगेत. "माझा हिरवा आला," असं लोक दहावीच्या निकालासारखं सांगत फिरायचे. पण मग सरकारच्या डोक्यात आलं, की हिरवा येऊनही जो लस घेत नाही तो अडाणी नाही, तो मुजोर आहे. आदेश निघाला: अशांची नावं फळ्यावर लावा, त्यांची बसची सवलत थांबवा आणि रक्त चढवण्याच्या यादीत त्यांना शेवटी टाका. ज्यांना महिन्याआड रक्त लागतं, त्यांना शेवटी टाका!

आमच्या तालुक्यात लाल कार्डाचे एकसष्ट लोक होते. एकसष्टांचेही नमुने मी चालवले. एकसष्टही हिरवे. लस घेतली चौदांनी. बाकीचे सत्तेचाळीस सुमेधाच्या तोंडाकडे बघत होते, कारण त्यांच्या मंडळाची ती अध्यक्ष.

"तुझा रिपोर्ट हिरवा आहे," मी तिला रोज सांगायची. "आणखी काय पाहिजे तुला?"

"हिरवं तं डबक्यातलं पानीही असते, ताई."

"शिकलेल्या मुलीनं असं बोलावं?"

"शिकली म्हणूनच बोलून राहिली. लस वाईट आहे असं मी कधी म्हटलं? मले एवढंच सांग, तिसऱ्या दिवशी मी ओरडली तं तुम्ही काय करान?"

हे तिनं विचारलं की मी चिडायची. ती सतरा वर्षांची असताना कॉलेजात कसल्याशा लसीचं शिबिर झालं होतं. दुसऱ्या दिवशी ताप आला, आणि तापामागून क्रायसिस. सिकलसेलमध्ये ताप आला, अंगातलं पाणी कमी झालं, की तांबड्या पेशी वाकड्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही आणि ते हाड जिवंतपणी गुदमरतं. सहा दिवस ती ओरडत होती. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, ही पोरगी इंजेक्शनसाठी नाटक करते, अशांना सवय लागते. कागदावर लिहिलं, 'लसीशी संबंध नाही.' आणि मी, तिची सख्खी मोठी बहीण, तिच्या उशाशी बसून म्हणाले होते, "थोडं सहन कर ना सुमे, सगळे बघून राहिले." ते वाक्य ती कधी काढत नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

मोहीम संपायला दहा दिवस होते तेव्हा मोतीरामभाऊ गेडाम वॉर्डात आले. चौकात त्यांचं पंक्चरचं दुकान. वय चव्वेचाळीस, आणि मंडळात त्यांना सगळे म्हातारा म्हणतात, कारण लाल कार्डाचं माणूस आमच्याकडे फारसं त्या वयाला पोचत नाही. माझा शब्द मानून त्यांनी लस घेतली होती. सकाळी लस घेतली आणि दुपारी दुकान उघडलं. मार्च सरत आलेला, पारा त्रेचाळिसाला. दुसऱ्या दिवशी त्यांना खाटल्यावर घालून आणलं. तोंडातून आवाज निघू नये म्हणून त्यांनी दुपट्टा दातांत धरला होता.

वैद्यकीय अधीक्षक डॉक्टर मुनघाटे राउंडला आले. मोबाइलवर रिपोर्ट बघून म्हणाले, "यांचा तर हिरवा आहे. मग लसीनं क्रायसिस कसा येईल? उन्हात काम केलं, त्याचा परिणाम आहे. पॅरासिटामॉल द्या." आणि कागदावर तेच तीन शब्द. बारा वर्षांपूर्वीचे. फक्त अक्षर वेगळं.

मोतीरामभाऊंची बायको शेवंता माझ्याकडे बघत होती. "ताई, तुमीच सांगतलं ना, हिरवा हाय, बिनधास्त घ्या म्हनून?"

"हो वहिनी."

"पानी पेत राहा, दोन दिवस उन्हात जाऊ नका, हे काहून नाही सांगतलं? त्यायले ताप येते तवा काय होते, तुमाले मालूम नाही का? तुमच्या घरात हाय ना असं मानूस!"

हिरव्या दिव्यानंतर काही सांगायचं असतं, हेच आम्ही सगळे विसरून गेलो होतो.

दुपारी सुमेधा त्यांचा डबा घेऊन आली. डबा ठेवला आणि सरळ प्रयोगशाळेत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मोतीरामभाऊचा पूर्ण रिपोर्ट दे. दिव्याचा फोटो नको. छापलेला कागद दे."

दिला. फॉर्म भरून पोट भरणारी बाई ती, बारीक अक्षरं आधी वाचते. मोठ्या हिरव्या वर्तुळाकडे तिनं बघितलंही नाही. कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलं आहे?"

तिथे लिहिलं होतं, वर्ग : निरोगी.

ते मीच भरलं होतं. एकसष्ट वेळा. दर्पणाच्या पहिल्या पानावर वर्ग निवडावा लागतो. मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंड, इतर, निरोगी. सिकलसेल त्या यादीत नव्हतंच. 'इतर' निवडलं की यंत्र नमुना परत फेकायचं. प्रशिक्षण देणाऱ्या मुलाला तेव्हा मी फोन केला होता, तो म्हणाला, अडलं की 'निरोगी' टाका मॅडम, चालून जातं. मी टाकलं. चालून गेलं. आपल्याकडे एकदा चालून गेलं की कोण पुन्हा बघतो?

सुमेधा ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "एकोणतीस वर्षांपासून मी सांगून राहिली का मी बिमार आहे. डॉक्टरनं मानलं नाही, मास्तरनं मानलं नाही, तूही नाही मानलं. आणि आता पाहा. एका बोटानं तू मले बरी करून टाकली."

ती गेल्यावर मी त्या मुलाला पुन्हा फोन लावला. 'निरोगी' टाकल्यावर यंत्र नेमकं काय करतं, विचारलं. तो अगदी नम्रपणे सांगत होता. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी लसीत काही भाग घेत नाहीत, उलट चित्र गढूळ करतात, म्हणून यंत्र त्या पहिल्या मिनिटातच गाळून टाकतं.

"तांबड्या पेशी गाळतं?"

"हो मॅडम. पांढऱ्या स्वच्छ दिसाव्यात म्हणून."

"अरे, सिकलसेलचा सगळा रोग त्या तांबड्या पेशीत असतो!"

"हो, पण सिकलसेलचे पेशंट यंत्राच्या चाचणीत घेतलेच नव्हते ना मॅडम. लसीच्या चाचणीतही नव्हते. त्यांना धोका जास्त असतो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. धोका जास्त म्हणून यांच्यावर तपासायचं नाही, आणि तपासलं नाही म्हणून यांना धोका नाही. वर यांनी विचारलं, बाबांनो, आम्हाला काय होईल, तर यांचीच नावं फळ्यावर. मी त्या मुलाला नको नको ते बोलले. तो बिचारा पगारी माणूस, हो मॅडम, हो मॅडम करत राहिला.

तशीच मुनघाटे सरांच्या खोलीत गेले. त्यांच्या मागे भिंतीला टेकवून नवी पाटी ठेवली होती, 'निर्भय तालुका : शंभर टक्के'. कोणातरी मंत्र्याच्या हातानं ती लागायची होती.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला. "खोब्रागडे मॅडम, हे खाली कोणाला बोललात?"

"बहिणीनंच शोधलं, सर."

"मोहिमेचे दहा दिवस राहिलेत. तेवढे जाऊ द्या. नंतर मी स्वतः वर लिहितो. आता बोललात तर काय होईल माहीत आहे? लोक म्हणतील लसच खोटी. ज्यांनी घ्यायला पाहिजे तेही घेणार नाहीत. दमकोंडी तिकडे नागपुरापर्यंत आलेली आहे. उद्या ही माणसं मेली तर ते तुमच्या माथी येईल."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबलं. खोटं बोलणाऱ्यांच्या हातात दर वेळी थोडं खरं असतंच, त्याच्यावरच तर त्यांचं चालतं. मी विचारलं, "मोतीरामभाऊंचं काय?" ते म्हणाले, "होतील ते बरे." मोतीरामभाऊ पाचव्या दिवशी घरी गेले, पण उजव्या खुब्याचं हाड कायमचं निकामी झालं. आता ते पंक्चरसाठी खाली बसू शकत नाहीत.

दर्पणात एक हस्तचालित पद्धत असते, संशोधकांसाठी. तिथे वर्ग विचारत नाहीत. तापमान, प्राणवायू, रक्तातलं पाणी, सगळं आपल्या हातानं ठरवता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमेधाला बोलावलं. तिच्या पेशींच्या जुन्या दोन पट्ट्या शीतकपाटात होत्याच. ताजं रक्त काढलं. तांबड्या पेशी गाळू दिल्या नाहीत. लसीनंतर ताप येतो, म्हणून तापमान एकोणचाळीस अंश सेल्सिअस ठेवलं. आमच्याकडचा मार्च आहे म्हणून पाणी कमी केलं. आणि दोघी पडद्यासमोर बसलो.

पहिला तासभर पेशी नीट वाहत होत्या. मग अस्तर सुजायला लागलं आणि चिकट झालं. एक तांबडी पेशी वळणावर थबकली, लांबट झाली, वाकली. तिच्या मागची तिच्यावर आदळली. नाल्यात कापसाच्या पऱ्हाट्या अडकून पाणी तुंबावं तसा एकेक मार्ग तुंबत गेला. चोवीसपैकी एकोणीस मार्ग बंद. दिवा लाल.

सुमेधानं पडद्यावरच्या तुंबलेल्या मार्गावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हे असं असते?"

"हो."

"एवढंसं?"

"एवढंसं काचेवर आहे, सुमे. तुझ्या अंगात हे सगळीकडे होतं."

आणि मला रडू फुटलं. सिकलसेलच्या हजारो काचपट्ट्या मी पाहिल्यात, विळ्यासारख्या पेशी मोजून रिपोर्ट दिलेत. पण माझ्या बहिणीचं दुखणं होताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सहन कर, असं मी याला म्हणाले होते. मी तिची माफी मागितली, तिथेच, प्रयोगशाळेत. ती म्हणाली, "रडनं बंद कर आणि दुसरी पट्टी लाव. या वेळी पानी भरपूर ठेव."

दुसऱ्या खेपेला लसीच्या आधीपासून सलाईन दिल्यासारखं पाणी वाढवलं, आणि ताप चढायच्या आधीच उतरवला. या वेळी सात मार्ग तुंबले. दिवा पिवळा. यंत्राचा अंदाज असा, की एवढी काळजी घेतली तरी तिघांत एकाला क्रायसिस येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी तिला सांगून टाकलं, "तू लस घेऊ नकोस."

तिनं कप खाली ठेवला. "आता काहून?"

"मी पाहिलं ना. मला नाही बघवणार ते तुझ्यावर. घरात राहा. सेवा केंद्र बंद ठेव. मास्क लाव. साथ जाईल निघून."

"वारे वा! तीन महिने माझ्या मागे लागली होती. माझं नाव फळ्यावर चिकटवलं. आता तुले भेव वाटते?"

"हो, वाटते."

खरंच वाटत होतं. तीन महिने मी हिला भित्री म्हणत होते, आणि खरं कळल्यावर पहिली पळ काढणारी मीच निघाले.

"तू काल पाहिलं, मी जन्मापासून भोगून राहिली," ती म्हणाली. "मले पांथरी नाही. दमकोंडी झाली तं पाचव्या दिवशी तू मले न्यायची तयारी करशील. आणि लस घेतली तं तिघांत एकाले दुखते, तेही दोन-चार दिवस. हा हिशोब मले आधी कोनी सांगतला असता, तं मी तेव्हाच घेतली असती. आता मी घेनार. पण तुमच्या पद्धतीनं नाही."

त्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मंडळाची बैठक बसली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वर्ग, गाळलेल्या पेशी, फोन, मुनघाटे सर, सगळं. शेवंतावहिनी उठल्या आणि मला म्हणाल्या, "माया नवऱ्याचं हाड गेलं ताई. तुमी सही केली होती ना त्या कागदावर?" मी हो म्हणाले. त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हंजे लसच खराब हाय! मी आधीच सांगत होतो!"

"खाली बस," सुमेधा गरजली. "लसीले कोनी खराब म्हटलं? मागच्या साथीत नऊ झनायले आपन पोचवून आलो. त्यायले लसीनं मारलं का? लस आपल्या कामाची आहे. तिच्यासोबत आपल्याले जे द्यायले पाहिजे होतं, ते या लोकायनं दिलं नाही. ते आपन मागून घेऊ."

सोमवारी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. 'मोहिमेबाबत जनतेत संभ्रम निर्माण केल्याबद्दल.' मी ती घडी घालून पर्समध्ये टाकली.

मोहिमेच्या शेवटच्या दिवशी सकाळी आठला सत्तेचाळीस माणसं रुग्णालयात आली. प्रत्येकाच्या हातात पाण्याची कॅन. लसीच्या खोलीत एकच खुर्ची असते, तिच्यावर सुमेधा जाऊन बसली. नर्सनं सुई उचलली तशी म्हणाली, "थांबा सिस्टर. आधी डॉक्टरले बोलवा."

मुनघाटे सर हसत आले. त्यांना वाटलं, आले सगळे वळणावर.

"सर, प्रत्येकाले दोन दिवस खाट पाहिजे," सुमेधा म्हणाली. "सुईच्या आधी सलाईन. ताप यायच्या आधी तापाचं औषध. आणि मॉर्फिनचा कागद आत्ता, सुईच्या आधी लिहून पाहिजे. दुखल्यावर मी नाटक करून राहिली का खरंच दुखून राहिलं, हे ठरवायले कोनी बसू नये."

"अशी तरतूद नाही. रिपोर्ट हिरवा असताना मॉर्फिन कसं लिहिणार?"

"रिपोर्ट कसा हिरवा झाला, ते तुमाले मालूम आहे."

"वॉर्डात आठच खाटा रिकाम्या आहेत."

"मग आठ-आठ झन येऊ. आमाले घाई नाही."

"आज शेवटचा दिवस आहे!"

"तो तुमचा आहे," सुमेधा म्हणाली. "आमी उठून घरी जातो. ती शंभर टक्केची पाटी मंत्र्याच्या हातानं लावा आणि तिच्याखाली लिहा, सत्तेचाळीस बाकी."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू ही सगळी माझी शिकवणी आहे. नव्हती. माझ्यात एवढी हिंमत असती तर बारा वर्षं लागली नसती. ते बाहेर जाऊन अर्धा तास फोनवर बोलत होते. परत आले, खुर्ची नसल्यामुळे उभ्यानंच आठ कागद लिहिले आणि सह्या केल्या. मोहीम पंधरा दिवस वाढवल्याचं त्यांनी नंतर वर कळवलं, आणि ते श्रेयही स्वतःच घेतलं. घेऊ देत.

सुमेधाला पहिली खाट मिळाली. सलाईन लागलं, दोन तासांनी लस टोचली. तो दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास औषध देऊनही ताप एकशे दोनवर गेला, आणि तिनं माझा हात धरला. "ताई, आलं." तिघांतली एक तीच निघाली.

आधी कंबर, मग मांड्या. तिचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमत होता. मी कागद घेऊन पळत गेले. कोणी काही विचारलं नाही, कोणी कोणाची परवानगी काढायला गेलं नाही. आठव्या मिनिटाला नर्सनं इंजेक्शन दिलं. मी घड्याळाकडे बघत होते. दुखणं लगेच जात नाही, ते सैल व्हायला वेळ लागतो, आणि तोवर ती ओरडतच होती. पण या वेळी ओरडल्याबद्दल तिला कोणी काही म्हणालं नाही. मीही नाही. मी तिचे पाय धरून बसले होते.

पुढच्या आठ जणांची पाळी संध्याकाळची होती. ते सगळे व्हरांड्यात बसून ऐकत होते. मुनघाटे सर घाईघाईनं आले आणि मला दबक्या आवाजात म्हणाले, "ते दार लावून घ्या. बाहेरचे बिथरतील. एकही घेणार नाही आता."

"दार उघडं ठेव, ताई," सुमेधा खाटेवरून म्हणाली.

दारात करिश्मा आत्राम उभी होती. वय एकवीस, लाल कार्ड. तिनं एकदा सुमेधाकडे, एकदा सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं.

"सुमेधाताई," ती म्हणाली, "घेऊ का मी?"

मुनघाटे सर काहीतरी बोलायला पुढे झाले. सुमेधानं हात वर करून त्यांना थांबवलं. तिला श्वास पुरत नव्हता. दोन वेळा प्रयत्न करून मग बोलली.

"दुखते," ती म्हणाली. "लय दुखते, करिश्मा. घे."

करिश्मा जागची हलली नाही. दुपट्ट्यानं तिनं तोंडावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे वळली.

"आधी मले माझी खाट दाखवा," ती म्हणाली. "आणि तो कागद."

मी तिला खाट दाखवायला घेऊन गेले.